कुबेर (प्लूटो) : केतकरांचे अनुमान व शोधाचा इतिहास

कुबेर (प्लूटो) : नेपच्यूनच्या (वरुणाच्या) पलीकडे सूर्याभोवती फिरणारा, खडक व निरनिराळी बर्फे यांचा बनलेला, सूर्यकुलातील एक लहान खस्थ पदार्थ. याचा शोध १९३० साली अमेरिकेतील लोएल वेधशाळेत लागला. २००६ पर्यंत याची गणना नववा ग्रह म्हणून होत असे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने त्याचा समावेश ‘बटुग्रह’ या नव्या वर्गात केला. मराठी वाचकाच्या दृष्टीने या शोधाच्या पूर्वेतिहासात एक लक्षणीय घटना आहे. शोधाच्या एकोणीस वर्षे आधी, १९११ मध्ये, व्यंकटेश बापूजी केतकर या मराठी गणितज्ञाने नेपच्यूनपलीकडील दोन ग्रहांचे अस्तित्व वर्तविले होते व त्यांपैकी जवळच्या ग्रहाचे जे अंतर आणि जो परिभ्रमण काल दिला होता, ते प्लूटोच्या प्रत्यक्ष मूल्यांशी बरेच जुळतात. ‘प्लूटोचा शोध केतकरांनी लावला’ असे विधान यावरून अधूनमधून केले जाते. उलट, हा केवळ योगायोग म्हणून त्याचा उल्लेखही टाळला जातो. या दोन्ही मतांची परीक्षा करावयाची, तर केतकरांनी नेमके काय सांगितले, कोणत्या आधारावर सांगितले आणि नंतर काय आढळले, हे क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

मराठी गणितपरंपरा : ग्रहगणित हा महाराष्ट्रात पंचांगाच्या निमित्ताने अखंड चालत आलेला विषय आहे. ग्रहांची स्थाने काढताना भारतीय ग्रंथकार लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र व मेरू यांतून जाणारी एक मध्यरेखा मूळ धरीत आणि इतर गावांसाठी देशांतर-संस्कार देत. भास्कराचार्यांच्या करणकुतूहल (११८३) या ग्रंथात या रेषेवरील स्थळे सांगताना पर्यली म्हणजे परळी व वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम यांची नावे आली आहेत. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म हे अशा रीतीने पंचांगगणिताच्या भूगोलातही स्थान मिळवून होते. वाशिम येथील मध्यमेश्वर मंदिराच्या नावाचा संबंध याच मध्यरेखेशी जोडला जातो. आधुनिक मापनानुसार उज्जैनचे रेखांश सु. ७५° ४६′, परळीचे सु. ७६° ३२′ व वाशिमचे सु. ७७° ८′ पूर्व आहेत. म्हणजे वाशिम हे उज्जैनच्या रेषेवर नसून सु. १° २२′ पूर्वेस आहे. वेळेच्या हिशेबात हा फरक साडेपाच मिनिटांचा, म्हणजे सु. १४ पळांचा होतो. एवढ्या अवधीत चंद्र सु. ३ कला सरकतो. मंद ग्रहांच्या बाबतीत तर हा फरक नगण्यच ठरतो. घटिकायंत्रावर काम करणाऱ्या गणितज्ञाला ही रेषा पुरेशी होती. मात्र ‘पुरेसे जवळ’ व ‘नेमके’ यांतील अंतर वेध सूक्ष्म होऊ लागताच प्रकट होते. केतकरांच्या अनुमानाचा विचार करतानाही हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांत स्पष्ट अंतर पडू लागले होते. ग्रहणे सांगितलेल्या वेळी लागत नसत आणि ग्रहांच्या युती पंचांगातील दिवशी दिसत नसत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) हा ग्रंथ लिहून यूरोपीय ग्रहगणित मराठीत आणले आणि त्यांच्या प्रेरणेने दृक्प्रत्ययावर आधारलेले पटवर्धनी पंचांग सुरू झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात संपूर्ण परंपरेचा इतिहास मांडला. याच पिढीतील तिसरे मोठे नाव केतकरांचे होय.

केतकर : व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे तत्कालीन मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात वाढले. त्यांनी सरकारी शाळाखात्यात शिक्षकाची नोकरी केली आणि त्यांची बरीच वर्षे बागलकोट येथील इंग्रजी शाळेत गेली. मोठी वेधशाळा, मोठा दूरदर्शक किंवा विद्यापीठातील पद यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी ज्योतिर्गणितम्, केतकी ग्रहगणितम्, वैजयंती इ. ग्रंथ संस्कृतात लिहिले. यूरोपातील सूक्ष्म वेधांवर आधारलेली ग्रहांची मूल्ये भारतीय पद्धतीच्या श्लोकांत व कोष्टकांत बसविणे, हे या ग्रंथांचे वैशिष्ट्य होय. पारंपरिक जोशालाही वापरता येईल अशा रूपात आधुनिक गणित देण्याचा हा प्रयत्न होता.

अयनांशाच्या वादात केतकरांनी चित्रा पक्षाचा पुरस्कार केला. निरयन राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्याच्या समोरील, म्हणजे त्यापासून १८० अंशांवरील बिंदूपासून धरावा, असे हा पक्ष मानतो. छत्रे यांच्या पंचांगात व पुढे टिळक पंचांगात रेवती विभागातील एका मंद ताऱ्यापासून आरंभ धरला होता. या दोन पक्षांत सु. ४ अंशांचा फरक पडतो व त्यामुळे संक्रांती आणि अधिक मास वेगळे येऊ शकतात. भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ रोजी २३° १५′ हे अयनांश स्वीकारले. हे मूल्य चित्रा पक्षाचेच आहे.

नेपच्यूनचे उदाहरण : न पाहिलेल्या ग्रहाविषयी गणिताने विधान करता येते, हा विश्वास १८४६ मधील नेपच्यूनच्या शोधाने निर्माण झाला. विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ रोजी शोधलेला यूरेनस (प्रजापति) गणिताने काढलेल्या मार्गापासून ढळत असल्याचे आढळले होते. तो अज्ञात ग्रहाच्या आकर्षणामुळे ढळतो असे गृहीत धरून फ्रान्समध्ये ल व्हेर्ये यांनी व इंग्लंडमध्ये ॲडम्स यांनी स्वतंत्रपणे गणित केले. ल व्हेर्ये यांनी कळविलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, बर्लिन येथे गाले यांना नेपच्यून सापडला.

या यशातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. ल व्हेर्ये यांनी ग्रहाचे सरासरी अंतर सु. ३६ ज्योतिषशास्त्रीय एकके (ज्यो. ए. म्हणजे पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, सु. १४·९६ कोटी किमी.) व परिभ्रमण काल सु. २१७ वर्षे धरला होता. प्रत्यक्षात ही मूल्ये ३०·०७ ज्यो. ए. व १६४·८ वर्षे आहेत. अंतर चुकले, पण त्या काळी ग्रह आकाशात ज्या दिशेस होता ती दिशा बरोबर आली आणि दूरदर्शक रोखण्यास तीच आवश्यक होती. केतकरांच्या बाबतीत नेमकी याच्या उलट स्थिती आहे. त्यांचे अंतर जवळपास बरोबर आले. दिशेविषयी मात्र त्यांनी काहीच सांगितले नव्हते.

नेपच्यून धरूनही यूरेनसच्या गतीत लहान तफावती उरतात असे पुढे काहींना वाटू लागले. त्यांवरून अमेरिकेतील विल्यम पिकरिंग यांनी १९०९ मध्ये सु. ५२ ज्यो. ए. अंतरावर, सु. ३७३ वर्षांत परिभ्रमण करणारा ग्रह वर्तविला. ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे १८९४ मध्ये वेधशाळा स्थापन करणारे पर्सिव्हल लोएल (१८५५–१९१६) यांनी १९०६ पासून अशा ग्रहाचा शोध चालविला व १९१५ मध्ये आपले गणित प्रसिद्ध केले. त्यांच्या ‘क्ष’ ग्रहाचे अंतर ४३ ज्यो. ए., परिभ्रमण काल २८२ वर्षे आणि वस्तुमान पृथ्वीच्या साडेसहा पटींहून थोडे जास्त होते.

केतकरांचे अनुमान : केतकरांचा लेख १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. ही संस्था कामीय फ्लामारियाँ यांनी १८८७ मध्ये स्थापन केली होती. केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह कल्पिले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्मा या ग्रहाचे सरासरी अंतर त्यांनी ३८·९५ ज्यो. ए. व परिभ्रमण काल २४२·२८ वर्षे दिला. कक्षेची विमध्यता, क्रांतिवृत्ताशी होणारा तिचा कोन किंवा विशिष्ट दिवशी ग्रहाचे आकाशातील स्थान ही माहिती त्यांनी दिली नाही.

त्यांची पद्धत लोएल किंवा पिकरिंग यांच्याहून अगदी भिन्न होती. यूरेनसच्या तफावतींचा त्यांनी उपयोग केला नाही. त्यांच्यापुढे आदर्श होता तो गुरूच्या उपग्रहांविषयी लाप्लास यांनी सिद्ध केलेल्या संबंधाचा. गुरूच्या आयो, यूरोपा व गॅनिमीड या तीन उपग्रहांच्या मध्यम दैनिक गती अनुक्रमे २०३·४८९, १०१·३७५ व ५०·३१८ अंश आहेत. पहिल्याच्या गतीत तिसऱ्याची दुप्पट मिळविल्यास बरोबर दुसऱ्याची तिप्पट, म्हणजे सु. ३०४·१२ अंश येते. हा संबंध आकस्मिक नसून परस्परांच्या आकर्षणाने टिकून राहतो, असे लाप्लास यांनी दाखविले होते. बाह्य ग्रहांतही असाच संबंध असावा, हे केतकरांचे गृहीत होते.

मध्यम गती ही पंचांगकर्त्याच्या रोजच्या वापरातील राशी होय. अहर्गणाला मध्यम गतीने गुणून मध्यम ग्रह काढण्यापासूनच भारतीय ग्रहगणिताचा आरंभ होतो. त्यामुळे ग्रहसमूहाकडे गतींच्या परस्परसंबंधातून पाहण्याची ही दृष्टी केतकरांना स्वाभाविक होती. त्यांच्या उत्तराचा अर्थ पुढील हिशेबाने स्पष्ट होतो. यूरेनसची मध्यम वार्षिक गती सु. ४·२८५ अंश व नेपच्यूनची सु. २·१८५ अंश आहे. यूरेनसची गती अधिक अज्ञात ग्रहाच्या गतीची तिप्पट बरोबर नेपच्यूनच्या गतीची चौपट, असा लाप्लासच्या धर्तीचा संबंध मानला, तर ८·७४० मधून ४·२८५ वजा करून ४·४५५ उरतात व त्यांचा तिसरा भाग १·४८५ अंश येतो. या गतीने ३६० अंश पुरे होण्यास सु. २४२·४ वर्षे लागतील. केतकरांचा २४२·२८ हा आकडा याच्या अगदी जवळ आहे. परिभ्रमण काल मिळाला की केप्लर यांच्या तिसऱ्या नियमाने अंतर निघते व तेही ३९ ज्यो. ए. च्या आसपास येते.

प्रत्यक्ष शोध : लोएल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वेधशाळेत १९२९ साली ३३ सेंमी. व्यासाच्या नव्या छायाचित्रक दूरदर्शकाने शोध पुन्हा सुरू झाला. हे काम कॅनझसमधील एका शेतकरी कुटुंबातून आलेल्या क्लाइड टॉमबॉ या तरुणाकडे सोपविण्यात आले. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावयाची आणि आलटूनपालटून दोन्ही दाखविणाऱ्या उपकरणाखाली ती तपासून जागा बदललेला ठिपका शोधावयाचा, अशी पद्धत होती. २३ व २९ जानेवारी १९३० रोजी घेतलेल्या मिथुन राशीतील काचांवर असा ठिपका टॉमबॉ यांना १८ फेब्रुवारी १९३० रोजी आढळला. १३ मार्च या दिवशी, म्हणजे यूरेनसच्या शोधाच्या व लोएल यांच्या जन्माच्या तारखेस, हा शोध जाहीर झाला. ऑक्सफर्ड येथील व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचविलेले ‘प्लूटो’ हे नाव १ मे रोजी स्वीकारले गेले. त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत लोएल यांच्या नावाची आद्याक्षरेही येतात. केतकर त्याच वर्षी वारले.

नव्या ग्रहाचे सरासरी अंतर ३९·४८ ज्यो. ए. आणि परिभ्रमण काल सु. २४८ वर्षे ठरला. केतकरांचे अंतर या मूल्याच्या केवळ सव्वा ते दीड टक्क्याने कमी आहे व परिभ्रमण काल सु. सव्वादोन टक्क्यांनी कमी आहे. लोएल यांचे अंतर सु. ९ टक्क्यांनी व काल सु. १४ टक्क्यांनी जास्त होता. तरीही शोधाचे श्रेय लोएल यांच्या वेधशाळेकडे गेले, ते उचितच होय. आकाशाचा कोणता भाग तपासावा हे लोएल यांनी सांगितले होते आणि त्या जागेपासून सहा अंशांच्या आत प्लूटो सापडला. ज्या अनुमानात दिशा नाही, त्यावरून दूरदर्शक कोठे रोखावा हे ठरत नाही. आणि केतकरांच्या लेखाचा फ्लॅगस्टाफ येथील शोधकार्याशी काही संबंधही नव्हता.

योगायोग किती ? : लोएल यांचे यशही फार काळ निर्विवाद राहिले नाही. अमेरिकेतील अर्नेस्ट ब्राउन यांनी शोध लागताच दाखवून दिले की, प्लूटोचे लोएलकृत गणिताशी जुळणे हा योगायोग आहे. पुढे प्लूटोच्या वस्तुमानाचे अंदाज सतत घटत गेले. जेम्स क्रिस्टी यांनी जून १९७८ मध्ये त्याचा कॅरन हा उपग्रह शोधून काढल्यावर वस्तुमान निश्चितपणे काढता आले. ते पृथ्वीच्या सु. १/४५० इतके भरले. एवढ्या हलक्या पदार्थाने यूरेनस किंवा नेपच्यून यांना ओढून त्यांची गती जाणवण्याइतकी बदलणे शक्यच नव्हते. शेवटी १९९३ मध्ये माइल्स स्टँडिश यांनी, ‘व्हॉयेजर २’ या यानाने १९८९ साली मिळविलेले नेपच्यूनचे सुधारित वस्तुमान वापरून, यूरेनसच्या तथाकथित तफावती मुळात उरतच नाहीत असे दाखविले. ज्या कारणासाठी ग्रह शोधला गेला ते कारणच अस्तित्वात नव्हते. टॉमबॉ यांनी शोधानंतरही तेरा वर्षे आकाश चाळले. दुसरा ग्रह सापडला नाही. प्लूटो सापडला तो लोएल यांच्या गणितामुळे नव्हे, तर टॉमबॉ यांच्या चिकाटीमुळे.

हीच कसोटी केतकरांनाही लावली पाहिजे. त्यांच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी तीन आहेत. एक म्हणजे, यूरेनस, नेपच्यून व प्लूटो यांच्यात लाप्लास-पद्धतीचा त्रिपदी संबंध नाही. यूरेनस व नेपच्यून यांचे परिभ्रमण काल १ : १·९६ या प्रमाणात आहेत, ते १ : २ च्या जवळ असले, तरी परस्परांशी बांधलेले नाहीत. दुसरे म्हणजे, त्यांनी वर्तविलेला विष्णू हा दुसरा ग्रह आढळलेला नाही. तिसरे म्हणजे, अंतराच्या जुळणीला मर्यादित महत्त्व आहे. टिटियस-बोडे यांच्या ठोकताळ्यानुसार नेपच्यूनसाठी येणारे ३८·८ ज्यो. ए. हे अंतरही प्लूटोच्या अंतराजवळच पडते, परंतु त्यावरून त्या ठोकताळ्याने प्लूटो वर्तविला असे कोणी मानत नाही.

अनुस्पंदन : असे असले तरी केतकरांच्या कल्पनेचा गाभा निराधार ठरला नाही. १९६५ च्या सुमारास कोहेन व हबार्ड यांनी संगणकाच्या साह्याने प्लूटोच्या कक्षेचे दीर्घ काळाचे गणित केले. त्यातून नेपच्यून व प्लूटो यांच्यात ३ : २ असे अनुस्पंदन आहे असे दिसून आले, म्हणजे नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात. हा संबंध केवळ आकड्यांचा नाही. प्लूटोची कक्षा फार लंबवर्तुळाकार आहे (विमध्यता ०·२५). उपसूर्य बिंदूपाशी तो २९·७ ज्यो. ए. पर्यंत, म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येतो. १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याला जवळ होता. अपसूर्य बिंदूपाशी तो ४९·३ ज्यो. ए. इतका दूर जातो. त्याची कक्षा क्रांतिवृत्ताशी सु. १७° चा कोन करते. तरीही दोघांची गाठ पडत नाही, कारण प्लूटो उपसूर्य बिंदूजवळ असतो त्या वेळी नेपच्यून त्याच्यापासून काटकोनाच्या आसपास दूर असतो. ही रचना सु. २०,००० वर्षांच्या आवर्तनाने मागेपुढे हेलकावते, परंतु मोडत नाही. प्लूटो व नेपच्यून यांच्यातील अंतर १७ ज्यो. ए. पेक्षा कमी होत नाही.

अनुस्पंदनाचे कारण १९९३ मध्ये भारतात जन्मलेल्या रेणू मल्होत्रा यांनी सुचविले. त्यांच्या मते सूर्यकुलाच्या आरंभीच्या काळात लहानसहान पदार्थांशी झालेल्या देवाणघेवाणीमुळे नेपच्यूनची कक्षा हळूहळू बाहेर सरकली आणि सरकताना तिने प्लूटोला या प्रमाणात पकडून आपल्याबरोबर बाहेर नेले. त्यातच त्याची कक्षा अधिक लंबवर्तुळाकार झाली. याच प्रमाणात बांधलेले इतर अनेक लहान पदार्थ पुढे सापडले व त्यांना ‘प्लूटिनो’ हे नाव मिळाले.

केतकरांच्या आकड्याचे स्थान यावरून ठरविता येते. नेपच्यूनच्या १६४·८ वर्षांची दीडपट २४७·२ वर्षे होते व प्लूटोचा सरासरी परिभ्रमण काल याच मूल्याभोवती राहतो. केतकरांचे २४२·२८ हे मूल्य त्याहून सु. ५ वर्षांनी कमी आहे. ही गणितातील चूक नव्हे. तो दोन वेगळ्या नियमांतील फरक आहे. बाह्य ग्रहांच्या गती सुट्या नसून परस्परांशी साध्या पूर्णांकांच्या संबंधाने जोडलेल्या असू शकतात, हे त्यांचे गृहीत या एका बाबतीत खरे ठरले. त्यांनी निवडलेला संबंध मात्र चुकीचा होता. यूरेनसला त्या संबंधातून वगळून केवळ नेपच्यूनशी तो जोडला असता, तर आकडा आणि कारण ही दोन्ही त्यांच्या हाती आली असती.

प्लूटोचे स्वरूप व वर्गीकरण : प्लूटोचा व्यास सु. २,३७७ किमी. असून तो चंद्राच्या (३,४७४ किमी.) सु. दोन-तृतीयांश आहे. त्याची सरासरी घनता पाण्याच्या सु. १·८५ पट आहे; यावरून त्याच्या अंतर्भागात खडक व त्याभोवती पाण्याच्या बर्फाचे आवरण असावे असे अनुमान निघते. पृष्ठभागावर नायट्रोजन, मिथेन व कार्बन मोनॉक्साइड यांची बर्फे आहेत. तेथील तापमान सु. –२३०° से. असते. १९८८ मध्ये त्याने एका ताऱ्याचे पिधान केले तेव्हा त्यास विरळ वातावरण असल्याचे निश्चित झाले. तो स्वतःभोवती सु. ६·४ दिवसांत फिरतो व कॅरनही तेवढ्याच काळात त्याच्याभोवती फिरतो. कॅरनशिवाय त्याला निक्स, हायड्रा, कर्बेरॉस व स्टिक्स असे चार लहान उपग्रह आहेत. ‘न्यू होरायझन्स’ हे अमेरिकन यान १४ जुलै २०१५ रोजी त्याच्यापासून सु. १२,५०० किमी. वरून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत पाण्याच्या बर्फाचे डोंगर आणि सु. १,००० किमी. रुंदीचे नायट्रोजन बर्फाचे मैदान दिसले.

प्लूटो हा एकाकी नाही, हे १९९२ मध्ये कळून आले. त्या वर्षी डेव्हिड ज्यूइट व जेन लू यांनी हवाई बेटावरील मौना की येथून नेपच्यूनपलीकडे आणखी एक लहान पदार्थ शोधला. त्यानंतर असे हजारो पदार्थ सापडले. या पट्ट्यास कायपर पट्टा म्हणतात. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस हा पदार्थ जवळजवळ प्लूटोएवढा, पण वस्तुमानाने त्याहून जास्त निघाला. एरिसला दहावा ग्रह म्हणावे की ग्रहाची व्याख्याच नक्की करावी, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे दुसरा मार्ग पत्करला. आपल्या कक्षेचा परिसर ज्याने मोकळा केला नाही तो ग्रह नव्हे, असे ठरून प्लूटो बटुग्रहांत गेला. शोध लागल्यापासूनची त्याची पहिली प्रदक्षिणा २१७८ मध्ये पुरी होईल. ग्रह या नात्याने त्याला शहात्तर वर्षेच मिळाली.

मूल्यमापन : या बदलामुळे केतकरांच्या अनुमानाचा अर्थही बदलतो. नेपच्यूनपलीकडे एक मोठा ग्रह आहे असे मानून त्यांनी, लोएल यांनी व पिकरिंग यांनी गणित केले. प्रत्यक्षात तेथे असंख्य लहान बर्फाळ पदार्थांचा पट्टा आहे. सु. ३९·४ ज्यो. ए. वर अशा पदार्थांची गर्दी आहे, ती नेपच्यूनशी असलेल्या ३ : २ अनुस्पंदनामुळेच. केतकरांचे ३८·९५ हे अंतर त्या गर्दीच्या जवळ पडते. त्या गर्दीचे कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते व त्या काळी ते कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते.

तेव्हा केतकरांना प्लूटोचे शोधक म्हणणे सयुक्तिक नाही. शोधकाने पदार्थ दाखवावा लागतो, निदान तो कोठे पाहावा हे सांगावे लागते. असे श्रेय आग्रहाने मागितल्याने त्यांच्या खऱ्या कार्यावर पडदा पडतो. एका शाळाशिक्षकाने वेधशाळेच्या साह्याविना, लाप्लास यांच्या सिद्धांताचा अभ्यास करून, त्याचा विस्तार सूर्यकुलाच्या सीमेपर्यंत करून पाहिला आणि आपला निष्कर्ष यूरोपातील तज्ञांच्या परीक्षेसाठी छापून ठेवला. परिणामी तो तपासता आला, काही अंशी चुकीचा ठरविता आला आणि काही अंशी त्याचे महत्त्व ओळखता आले. भास्कराचार्यांनी मध्यरेखेवर मांडलेले वत्सगुल्म आज दीड अंशाच्या आत पूर्वेस निघते, म्हणून ती रेषा निरुपयोगी ठरत नाही आणि ती अचूक होती असेही म्हणता येत नाही. केतकरांच्या ब्रह्मा ग्रहाविषयीही हेच म्हणावे लागेल. ज्योतिर्गणितम् व केतकी ग्रहगणितम् हे ग्रंथ आणि चित्रा पक्षाचा पुरस्कार यांमुळे भारतीय पंचांगाला मिळालेली दिशा, ही त्यांची अधिक टिकाऊ कामगिरी होय.